वाकडा टाका

समोरच्या माणसाने पायावर पाय टाकला, त्याच्या बुटाचं टोक टेबलाबाहेर आलं, आणि रोझेर थिबोदोचा बीन्सचा चमचा ताटली आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. बूट तपकिरी, मोकॅसिन म्हणतात तसला मऊ चामड्याचा, बऱ्यापैकी वापरलेला. पुढच्या बाजूला शिवण जिथे अंगठ्यापाशी वळते तिथे एक टाका कलला होता. बाकीचे सगळे शाळेतल्या शहाण्या पोरांसारखे सरळ, आणि हा एकच शेजारच्याच्या अंगावर रेललेला. रोझेरला आधी नुसतंच बरं वाटलं. परक्या गावात अचानक आपलं माणूस दिसावं तसं. हा आपला टाका. दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं, कारण असा टाका पडायचा तर डाव्या हाताची करंगळी मोडलेली असावी लागते, आणि ती झानीनच्या हातून मोडलेली असावी लागते. लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडल्यावर नव्या नवरीने आनंदाच्या भरात गाडीचं दार धाडकन लावलं होतं. नवरदेवाचा हात तेव्हा दारातच होता. बोट जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून दोरा खेचताना अंगठ्याच्या वळणावर नेमका एका टाक्याला ताण कमी पडायचा. सुरुवातीला त्याने पुष्कळ प्रयत्न केला, मग सोडून दिला. कारखान्यातल्या मुकादमानेही सोडून दिला. झानीनने मात्र त्या दिवसापासून कुठल्याही गाडीचं दार लावायच्या आधी ‘बोट!’ असं ओरडल्याशिवाय लावलं नाही. पाहुण्यांची गाडी असो, शववाहिका असो, ती ओरडायचीच. जुना सोबती रेआल याच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांनी दचकून दोन्ही हात वर केले होते.

चर्चच्या तळघरातलं शनिवारचं जेवण. मातीच्या मोठ्या भांड्यात रात्रभर शिजलेले बीन्स, लालभडक सॉसेज, गोडूस काळा पाव. लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या. रोझेर नेहमीसारखा टोकाच्या खुर्चीवर होता. हाताने बूट शिवणारे सगळे टोकाला बसायचे. दोन सुया, मध्ये एक मेण लावलेला दोरा. आरीने भोक पाडायचं, दोन्हीकडून सुया घालायच्या आणि दोन्ही हात पंखांसारखे फाकवून दोरा खेचायचा. दिवसभर, आठवडाभर, आयुष्यभर. कारखान्यात बाकांच्या मध्ये तेवढी जागा सोडलेली असायची. घरी, चर्चमध्ये, लग्नाच्या पंगतीत ती जागा आपली आपण शोधावी लागे. कारखाना बंद होऊन उन्हाळा सरला, पानं गळली, तरी हातांना ते कळलं नव्हतं. झोपेतसुद्धा ते फाकायचे. झानीन म्हणायची, “मी नवऱ्याशी लग्न केलं की गरुडाशी?”

बूट घातलेला माणूस औषधाच्या दुकानातला हॉलोवे होता. फ्रेंच बोलणाऱ्या या गावात नवा, फ्रेंच न कळणारा, आणि बीन्स आवडत नसूनही दर शनिवारी निमूटपणे खाणारा सज्जन. रोझेर त्याच्याकडे वाकून म्हणाला, “मिस्टर हॉलोवे, जरा बूट काढता का?”

“काय काढू?”

“बूट. एकच. डावा.”

पलीकडून जेरार खेकसला, “काढा हो, काढा! नाहीतर तो असाच खाली वाकून बघत बसेल, आणि लोक भलतंच समजतील.” जेरार कारखान्यात सहा बाकं सोडून बसायचा आणि सहा बाकांना ऐकू जाईल असंच बोलायचा. अजूनही तो तसाच बोलत होता, बाकं नव्हती तरी. हॉलोवेने हसत बूट काढून दिला आणि मोज्यातला पाय गार फरशीवर टेकवत म्हणाला, “सेलमध्ये मिळाला. फार सुरेख आहे. पायाला लागत नाही.”

रोझेरने बूट हातात घेतला आणि अंगठा शिवणीवरून फिरवला. अंगठ्याला कसलाच प्रश्न पडला नाही. टाके जवळजवळ, दोरा खोल बसलेला, वरच्या चामड्याची चुणी एकसारखी. वळणावर तो रेललेला टाका. कोलेत पावाची टोपली घेऊन आली होती, ती त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाली, “हा तर तुमचाच, काका.” आणि पुढे जायला वळली. तिच्या बापाचा, रेआलचा, बाक रोझेरच्या बाकाला लागून होता. रेआल गेल्यावर त्या बाकावर कोलेत बसली, आणि तिला तिथे बसवलं रोझेरने. तिचा डोळा चुकणार नाही. पण रोझेरने बुटाची जीभ उलटी केली, आणि आत छापलेलं वाचून त्याने टोपलीसकट तिचा हात धरला. बूट डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बनला होता. कोलेतने वाचलं. तिने पावाचा एक तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला, मग कशाला कोण जाणे, आणखी एक ठेवला, आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

तिने बोलायला हवं होतं, असं त्याला घरी चालत जाताना वाटत राहिलं. झानीन शेजारून चालत होती, रिकामं भांडं छातीशी धरून, नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या देत. कोलेत बोलली असती तर तिला काही उत्तर देता आलं असतं. पण ती मुळात मागणारी पोर नव्हती. गेल्या महिन्यात वॉशिंग्टनहून नकार आला तेव्हाही ती रोझेरच्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती, कोट न काढता. परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना सरकार नवं शिक्षण देतं, आणि शिकेपर्यंत घर चालेल एवढे पैसेही देतं. फक्त परदेशी मालामुळेच गेलं हे सरकारला पटावं लागतं. अर्ज करायला तीन कामगार लागतात. रोझेर, जेरार आणि कोलेत असे ते तिघे. जेरारला काही शिकायचं नव्हतं, त्याला नुसतं सरकारकडून काहीतरी मिळवायचं होतं. रोझेरचं वय झालेलं; हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायच्या ट्रकवर त्याला ओळखीने जागा मिळणार होती. खरा अर्ज होता तो कोलेतचा. तिला नर्स व्हायचं होतं. रेआलच्या शेवटच्या दुखण्यात तिने त्याचं सगळं केलं होतं, आणि तेव्हा तिला कळलं होतं की हे आपल्याला येतं. वर्ग जानेवारीत सुरू होणार होते. नाहीतर दोन मुलांना घेऊन कनेटिकटला भावाकडे, त्याच्या तळघरात. तिने हे सगळं एकदाच सांगितलं होतं, रडगाणं न लावता, बुटाचं माप सांगावं तसं.

आणि त्या नकाराआधी वॉशिंग्टनच्या बाईने चौकशीला फोन केला तो रोझेरला, कारण तिघांमध्ये तो सगळ्यात जुना. आवाज नम्र होता, मागे टाइपरायटरसारखं काहीतरी वाजत होतं. कंपनीचं म्हणणं असं, की ती डोमिनिकन रिपब्लिकमधून शिवून आणते तो माल हलका आणि वेगळा, त्याचा इथल्या कामाशी संबंध नाही. इथलं काम बंद पडलं कारण लोकांना आता मोकॅसिन नकोत. बाईने विचारलं, “मिस्टर थिबोदो, तिकडून येणारे बूट आणि तुम्ही शिवत होता ते बूट एकसारखे म्हणता येतील का?” रोझेर हसला होता. आता चालताना ते हसणं त्याला ऐकू आलं, आणि आपलंच हसणं असं मागून ऐकू येणं बरं नसतं. तो म्हणाला होता, “बाई, आम्ही शिवतो तो बूट. ते तिकडून येतं, ते पायात घालायचं काहीतरी असतं.” या वाक्यावर तो इतका खूश झाला, की संध्याकाळी जेरारला सांगितलं, जेरारने ते बोलिंगच्या अड्ड्यावर सांगितलं, आणि चार दिवस गावातले सगळे जुने शिवणारे ते एकमेकांना सांगत होते. याने आपला अर्जच बुडेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? वाकडी शिवण दिसली तर स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत ती उसवून पुन्हा शिवणारी माणसं ती. पहिल्या वर्षी तिकडून शिवून आलेल्या पेट्या उघडल्या तेव्हा त्यांनी तेच केलं होतं. ढिले टाके, फाटलेली भोकं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. बुटावर गावातल्या कारखान्याचं नाव, म्हणून लाज वाटली आणि शिवून दिले. पुढे पेट्या थेट गोदामात जायला लागल्या, आणि त्यांना वाटलं, बरं झालं, ब्याद टळली. मग सरकारचा नकार आला आणि त्यात कारण दिलेलं होतं: माल एकसारखा नाही, असं खुद्द कामगारांचंच म्हणणं आहे.

कोलेतने त्या दिवशी काही दोष दिला नाही. ती उलट म्हणाली, “बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. वर दोन शिव्या घातल्या असत्या.” मग दाराशी जाऊन वळली. “पुन्हा विचार करा म्हणून महिनाभरात सांगता येतं, असं त्या ऑफिसातली बाई म्हणाली. पण काका, माझ्यासाठी खोटं बोलू नका हं. तुमच्या तोंडून ते मलाच ऐकवणार नाही.” हे तिने अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते त्याच्या छातीत बसलं होतं. या पोरीसाठी तो पैसे उसने घेईल, तिचं छप्पर शाकारून देईल, तिच्या पोरांना खांद्यावर घेऊन कनेटिकटपर्यंत चालत जाईल. पण ‘एकसारखे’ हा शब्द त्याच्या तोंडात मावत नव्हता. तो म्हटला तर आपण इतकी वर्षं काय करत होतो? कुणालाही जमेल असं काहीतरी?

घरी येऊन तो स्वयंपाकघरात बसला, टेबलाच्या टोकाशी. झानीनने दिवा लावला, त्याच्याकडे बघितलं आणि कॉफी ठेवली. करंगळी टेबलावर तिरकी पडली होती. खरं तर त्याला चर्चच्या तळघरातच सगळं आठवलं होतं, बुटाची जीभ उलटली त्याच क्षणी. पण आठवलेलं आत न घेता त्याने इतका वेळ दारातच उभं ठेवलं होतं. नेरेइदा. काही वर्षांपूर्वी कंपनीने त्याला तिकडे, डोमिनिकन रिपब्लिकला पाठवलं होतं, तीन आठवडे, शिकवायला. हलका माल आहे, त्यांना थोडं बघून दे, एवढंच सांगून. पत्र्याचं छप्पर, पंखे, आणि चामड्याचा तोच वास. त्या वासाने त्याला पहिल्या दिवशी गहिवरून आलं होतं, इतक्या उन्हात, इतक्या दूर, हा आपला वास. बायका पंचवीसेक. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. नेरेइदा समोरच्या बाकावर, वीस-बावीसची, केसांना पिवळा रुमाल. इतर बायका त्याच्या तोंडाकडे बघायच्या, हा लालबुंद म्हातारा घाम पुसताना कसा दिसतो ते बघून हसायच्या. नेरेइदा फक्त हातांकडे बघायची. दुपारी तिची आई भात, बीन्स आणि तळलेली केळी घेऊन यायची आणि त्याच्यासाठीही एक ताटली आणायची. बीन्स बघून तो पोटावर हात ठेवून खुणेने सांगायचा, आमच्याकडेही हेच. आई मान हलवायची. खुणेने म्हणायची, असतील, पण असे नसतील.

शेवटच्या आठवड्यात नेरेइदाने एक बूट शिवून त्याच्या हातात दिला. त्याने बघितला, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. अंगठ्याच्या वळणावर एक टाका कललेला होता. पोरीने सगळं उचललं होतं: आरी धरणं, दोऱ्याला मेण लावताना मान तिरकी करणं, आणि झानीनने लावलेलं गाडीचं दारसुद्धा. त्याने करंगळी वर करून दाखवली. हे मोडलेलं आहे, यामुळे तसं होतं, तुझं बोट सरळ आहे, तुला करायची गरज नाही, असं फ्रेंचमधून, इंग्रजीतून आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. नेरेइदाने त्याची करंगळी दोन बोटांत धरून सगळीकडून नीट पाहिली. गंभीरपणे मान हलवली. मग दुसरा बूट घेतला, स्वतःची सरळ करंगळी प्रयत्नपूर्वक वाकडी केली आणि तसाच टाका घातला. आधीपेक्षा चांगला.

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग पहिल्या पेट्या आल्या त्या इतक्या वाईट होत्या की नेरेइदाला काम सोडावं लागलं असेल, लग्न झालं असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तसं ठरवणं सोयीचं होतं. आता त्याला दिसलं, की ती तिथेच आहे. तिने इतरांना शिकवलं असेल. म्हणजे त्या पत्र्याखाली ओळीने बसलेल्या पंचवीस बायका अंगठ्याचं वळण आलं की करंगळ्या वाकड्या करत असतील, आणि का करायच्या ते त्यांतल्या एकीलाही माहीत नसेल. त्याला हसू आलं. त्याने झानीनला सांगितलं. सगळं, पिवळ्या रुमालासकट. तिने ऐकून घेतलं, कप धुऊन पालथा घातला, आणि म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे.”

“आणि तू त्या बाईला सांगितलंस की ते पायात घालायचं काहीतरी असतं.” ती त्याच्या समोर बसली. “रोझेर, ती पोर तुझ्यासारखं शिवायला बोट वाकडं करते. तिला तू काहीतरी म्हणालास.”

सोमवारी सकाळी त्याने वॉशिंग्टनला फोन लावला. कोलेतला त्याने बोलावलं नव्हतं. झानीनने बोलावलं असणार, कारण ती पोरांना शाळेत सोडून आली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तीच बाई, तोच नम्र आवाज. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग म्हणाला, “मी तेव्हा चुकीचं सांगितलं. बूट एकसारखे आहेत.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “मिस्टर थिबोदो, गेल्या वेळी तुम्ही फार ठामपणे नाही म्हणाला होता.”

“गेल्या वेळी मी बूट बघितला नव्हता. नुसता देश बघितला होता.”

“आता बघितलात?”

“हातात घेतला. तो माझा बूट आहे असं मला वाटलं. माझ्याजवळ शिकलेली एक बाई इथे आहे, तिलाही वाटलं. आत छाप बघेपर्यंत आम्हा दोघांनाही कळलं नाही.” मग त्याने करंगळीचं सांगितलं. नेरेइदाचं सांगितलं. गाडीच्या दाराचंही सांगितलं, म्हणजे झानीनने मागून सांगायला लावलं. बाई एकदा हसली, पटकन, नकळत, आणि मग पुन्हा कामाचा आवाज काढून म्हणाली, “मी तुमचं म्हणणं लिहून घेते. बरोबर आहे का सांगा. चामडं, शिवण आणि उपयोग तिन्ही बाबतींत दोन्ही बुटांत फरक करता येत नाही.”

“येत नाही.”

“शिवणाऱ्यालाही?”

रोझेरने खिडकीकडे बघितलं. कोलेतची पाठ दिसत होती, एका जागी घट्ट धरलेली, जशी ती बाकावर पहिल्या दिवशी धरून बसली होती. त्याचे हात नकळत फाकायला लागले आणि फोनची वायर ताणली गेली. नाही म्हणायला अजूनही जागा होती. थोडीशी. कुठेतरी एखादा टाका, एखादी चुणी, ज्यावरून रेआल डोळे मिटून सांगायचा की हे आपलं. तो ती जागा शोधत राहिला, आणि त्याला दिसली ती पिवळ्या रुमालाखालची खाली घातलेली मान, आणि कष्टाने वाकडं केलेलं एक सरळ बोट.

“शिवणाऱ्यालाही,” तो म्हणाला. “लिहा.”

त्याने फोन ठेवला. कोलेत आली, त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने हनुवटी त्याच्या टकलावर टेकवली. लहानपणी बापाच्या टकलावर टेकवायची तशी. “खोटं नव्हतं ना, काका?” तिने विचारलं. “नाही गं,” तो म्हणाला. “खोटं असतं तर एवढं दुखलं नसतं.” मग ती रडली, आणि झानीनने दोघांना अंडी करून घातली.

नाताळच्या आधी होकार आला. जेरारने तो बोलिंगच्या जागी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला, आणि शेवटी म्हणाला, “सरकारच्या मते आपल्याला परदेशी लोकांनी हरवलं. रोझेरच्या मते आपल्याला झानीनने हरवलं.” रोझेरही हसला. पण त्या रात्री तो माळ्यावरून आरी आणि दोन सुया काढून खाली घेऊन आला, त्यांना तेल लावलं, आणि जुन्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवल्या. माळ्यावर नाही. झानीनने फडक्याचा रंग बघून घेतला.

जानेवारी. वर्गाची पहिली सकाळ. रात्रभर बर्फ पडला होता आणि रोझेर पहाटेपासून ट्रकवर होता. कोलेतचा रस्ता त्याने सगळ्यात आधी साफ केला, त्याच्या यादीत तो मुळी नव्हताच. ती बाहेर आली तेव्हा तो ट्रक थांबवून खाली उतरला. झानीन चालत आली होती, डब्यात मांसाची कचोरी घेऊन, पहिल्या दिवशी पोटात काहीतरी हवं म्हणून. कोलेतच्या पायात नवे पांढरे बूट होते, नर्सचे. तिने पाय थोडा मागे घेतला. रोझेर बर्फात गुडघा टेकून बसला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. मशीनची शिवण. आत कुठल्या देशाचं नाव आहे ते त्याने बघितलं नाही.

“चांगले आहेत,” तो म्हणाला. “पाय दुखणार नाहीत.”

कोलेत गाडीत बसली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. रोझेर उघड्या दाराला धरून उभा होता. झानीनने तोंड उघडलं, पण या वेळी कोलेतनेच आधी आतून दार धरलं, त्याच्या हाताकडे बघितलं आणि ओरडली,

“बोट!”

त्याने हात काढून घेतला. तिने दार लावलं.